बागायत की कोरडवाहू?

विवरणपत्रांचा हंगाम आणि सोयाबीनच्या कोळपणीचा हंगाम केज तालुक्यात एकदमच येतो. युसूफ वडगावसारख्या गावातला शेतकरी पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढतो, चार घड्या घालून खिशात ठेवतो आणि कर सल्लागाराच्या टेबलावर आणून उलगडतो. बँकेने कर्जासाठी विवरणपत्र मागितलेले असते, एवढाच त्याचा आयकराशी संबंध. थोड्या वेळाने त्याच टेबलावर दुसरा सातबारा येतो. हा आणणाऱ्याची गुत्तेदारी असते, दोन गाळे भाड्याने दिलेले असतात आणि गावात चार माणसे त्याचा शब्द मानतात. खुर्ची पुढे ओढून तो म्हणतो, "साहेब, ते वरचं सगळं शेतीत टाका की. शेतीला कुठं टॅक्स हाय?"

हाच माणूस सभेत उभा राहिला की शेतकऱ्यावर कर लावणे म्हणजे पाप, असे ठणकावून सांगतो. तो ढोंगी असतो का? या व्यवसायात वीस वर्षे काढलेल्या कुणालाही याचे उत्तर सोपे वाटणार नाही. बहुतेक वेळा तो मनापासूनच बोलत असतो. घोळ तिथेच आहे.

पहिल्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहावा. पाच एकर कोरडवाहू, एकरी आठ क्विंटल सोयाबीन, म्हणजे ४० क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये मिळाला असे धरले (बाजारात तो मिळतो का, हा वेगळा विषय), तरी हाती येतात २,१३,१२० रुपये, तेही बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी वजा करण्याआधी. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाहीच. म्हणजे शेती उत्पन्नाची सवलत उद्या काढून टाकली तरी या माणसाला एक रुपयाही भरावा लागणार नाही. कर तो आजही भरतोच, खतावर ५ टक्के आणि बहुतेक कीटकनाशकांवर १८ टक्के जीएसटी. त्याचा परतावा त्याला कुठूनच मिळत नाही. त्याबद्दल सभेत फारसे कुणी ठणकावत नाही.

आता दुसरा सातबारा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात बसलेल्या गुत्तेदाराने धंद्याचे १० लाख शेतीच्या रकान्यात सरकवले, तर त्याचा कर बराच कमी होतो. सवलतीची किंमत जमिनीवर ठरत नाही, जमिनीबाहेरच्या कमाईवर ठरते. १९६१ च्या कायद्यातले कलम १०(१) २०२५ च्या नव्या कायद्यातही टिकले, ते पहिल्या शेतकऱ्याचे नाव पुढे करून.

हे ओळखणारा अर्थमंत्री महाराष्ट्रानेच दिला होता. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमाल प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात त्यांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. त्याच काळात के. एन. राज समितीने १९७२ साली मोठ्या शेतजमिनींवर धारण कर सुचवला. तो राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे तिथेच अडला. चव्हाणांनी १९७३ मध्ये मधली वाट काढली. शेती उत्पन्नावर कर नाही, पण दर ठरवताना ते इतर उत्पन्नात मिळवायचे. सल्लागार आजही तोच हिशेब करतात. मात्र त्याने सवलत कमी होते, संपत नाही.

त्याच दशकात चढे कर आणि परवाने यांवर शंतनुराव किर्लोस्कर उघड टीका करत. त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता असे कुणी म्हणणार नाही. पण ते बोलत ते कारखानदार म्हणून, स्वतःच्या नावाने. अमेरिकेत गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०११ मध्ये आपल्यावर १७.४ टक्के कर पडतो आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांवर सरासरी ३६ टक्के, असा हिशेब छापला, तोही स्वतःच्या विवरणपत्रावरून. दोघांची मते एकमेकांच्या उलट आहेत, पण दोघांनीही दुसऱ्याचा सातबारा पुढे केला नाही.

एप्रिल २०१७ मध्ये नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी ठरावीक मर्यादेच्या वरच्या शेती उत्पन्नावर कर लावावा असे म्हटले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी तसा विचार नसल्याचे जाहीर केले. त्याआधी २०१४ मध्ये पार्थसारथी शोम आयोगाने ५० लाखांची मर्यादा सुचवली होती. पन्नास लाख! युसूफ वडगावच्या शिवारात किती जण त्यात बसतील, हे गावातला पोरगाही सांगेल. तरी ओरड होते ती अल्पभूधारकाच्या नावाने.

साखर कारखान्यांचे प्रकरण मात्र वेगळे, आणि ते प्रामाणिकपणे वेगळे काढले पाहिजे. किमान भावाच्या वर उसाला दिलेली रक्कम आयकर खाते नफ्याची वाटणी समजत होते. तासगाव तालुका कारखान्याच्या खटल्यात मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्यातला नफ्याचा भाग किती ते ठरवा, असे सांगितले. पुढे सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी दिल्लीत मागणी लावून धरली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात आकारणी वर्ष २०१६-१७ पूर्वीची ही देणी खर्च म्हणून धरायची मुभा मिळाली. दिलासा सुमारे १०,००० कोटींचा. फायदा कारखान्यांचा होता, नेत्यांचा होता, हे खरेच. पण पैसा उसाच्या बिलातून शेतकऱ्याच्या खात्यात गेलेलाही होता, आणि त्याचे कागद होते.

कागद हाच सल्लागाराचा प्रांत. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर गेले की विवरणपत्राची अनुसूची ईआय विचारते: जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, एकर किती, मालकीची की खंडाने, बागायत की कोरडवाहू. हे रकाने भरताना पीकपेरा, आडतीची पट्टी, कारखान्याची वजनपावती मागायलाच हवी. कॅगने २०१९ च्या अहवालात तपासलेल्या ६,७७८ प्रकरणांपैकी १,५२७ मध्ये खात्याने पुरेशी पडताळणी न करताच सवलत दिल्याचे आढळले. खाते पाहत नाही म्हणून सल्लागारानेही पाहू नये, असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे, आणि दंडाची नोटीस आली की महागही पडतो.

केज तालुक्यात तर पडताळणीला आणखी एक साक्षीदार आहे. धनेगावचे मांजरा धरण याच तालुक्यातले. २०१५-१६ मध्ये ते कोरडे पडले, लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी या पट्ट्यातल्या बागायती उसाचे भरघोस उत्पन्न कुणी दाखवले असेल, तर त्याला पाणी कुठले, एवढे विचारायला आयकर अधिकारी असण्याची गरज नव्हती.

गुत्तेदाराला पट्टी मागितली की तो हसतो. "पट्टी हाय ना घरी, उद्या आणून देतो," म्हणतो आणि गाडीला किक मारतो. पुन्हा येतो तो शेवटच्या तारखेला, संध्याकाळी पोर्टल गोगलगाय झालेले असताना. हातात तोच सातबारा.