नकार कोणाचा ग्राह्य?

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगभावाच्या साचेबद्ध कल्पनांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. निकालपत्रांत व युक्तिवादांत कोणते शब्द टाळावेत आणि त्यांच्याऐवजी कोणते वापरावेत, याची यादीच तिच्यात होती. 'ईव्ह टीझिंग' हा चेष्टेच्या सुरातला शब्द जावा आणि रस्त्यावरचा लैंगिक छळ असे सरळ म्हणावे, ही त्यातली एक सूचना. शब्दांची ही झाडाझडती अनेकांना वरवरची वाटली. मला ती आवश्यक वाटते. पण प्रश्न शब्दकोशावर संपत नाही. कोणाच्या शब्दाला कायदा कृतीचे बळ देतो, हा त्यामागचा अधिक अवघड प्रश्न आहे.

बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हे ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले. न्यायाधीश 'निर्दोष' म्हणतात तेव्हा ते आरोपीचे वर्णन करत नाहीत. त्याला मुक्त करतात. तेच शब्द न्यायालयातील कारकुनाने उच्चारले तर काहीच घडत नाही. या विचाराला स्त्रीवादी वळण देताना रे लँग्टन यांनी १९९३ च्या निबंधात विचारले, की एखाद्या स्त्रीने 'नाही' म्हटले, ते ऐकूही आले, पण तो नकार म्हणून धरलाच गेला नाही तर? तिचे तोंड कोणी दाबलेले नसते, तरी तिला गप्प केलेले असते. लँग्टन यांचा रोख अश्लील साहित्यावर होता. तो वाद बाजूला ठेवला, तरी त्यांचा प्रश्न भारतीय न्यायालयांच्या दारात जसाच्या तसा उभा राहतो.

त्याचा सर्वांत कठोर दाखला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजचा. १९७२ मध्ये तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवताना एक मोलाचा भेद केला: भयापोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचे तिचे म्हणणे विश्वसनीय नाही, सबब संमती होती, असा तो तर्क. ठाणे पोलिसांचे, वेळ रात्रीची, मुलगी मजूर. तिच्या शब्दाला वजन मिळावे असे त्या जागेत काय होते, हे निकालाने विचारले नाही.

पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलने झाली. १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' अशी साक्ष दिली, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे. अटी नेमक्या होत्या, व्याप्ती मर्यादित होती. परंतु स्त्रीचे एक वाक्य प्रथमच कायद्याच्या दृष्टीने कृती ठरले.

२०१३ मध्ये संमतीची व्याख्याच संहितेत आली: निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेली, शब्दाने वा खुणेने व्यक्त झालेली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. तरीही २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला संशयाचा फायदा देताना, परिचितांमध्ये स्त्रीच्या क्षीण 'नाही'चा अर्थ कधी 'हो' असू शकतो, अशा आशयाचे भाष्य केले. आरोपीला नकार कळला होता काय, हा फौजदारी कायद्यातला रास्त प्रश्न आहे. निरपराधाला शिक्षा होऊ नये म्हणून तो विचारलाच पाहिजे. पण नकार किती डेसिबलचा असावा, हे ऐकणाऱ्याच्या सोयीने ठरू लागले, तर व्याख्येचा उपयोग काय?

जाता जाता एक नोंद. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने वसाहतकालीन वारसा पुसल्याचा दावा केला जातो. मराठी वृत्तपत्रांत रोज छापला जाणारा 'विनयभंग' मात्र तिच्या कलम ७४ मध्ये शाबूत आहे. इजा स्त्रीला होते. कायदा शोधतो तिचा विनय.

त्याच संहितेच्या कलम ६३ मधील अपवाद मला याहून गंभीर वाटतो. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल, तर पतीने केलेला संबंध बलात्कार ठरत नाही. येथे नकार ऐकू येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. तो कितीही मोठ्याने उच्चारला तरी बलात्काराच्या कायद्याला तो ऐकूच येत नाही. या अपवादावर मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राने ऑक्टोबर २०२४ च्या प्रतिज्ञापत्रात मान्य केले की विवाहाने पत्नीची संमती संपुष्टात येत नाही. मात्र त्या कृत्याला बलात्कार म्हणणे अतिकठोर ठरेल. विवाहसंस्थेबद्दलची ही चिंता खोटी नसेल. परंतु संहितेचे कलम ६७ तिच्याशी कसे जुळते? विभक्त राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीविना संबंध ठेवणाऱ्या पतीला त्यात दोन ते सात वर्षांची कैद आहे. तीच स्त्री, तोच पुरुष, तोच विवाह आणि तोच शब्द. ती वेगळी राहू लागली की त्याला कायद्याचे बळ मिळते. ज्या स्त्रीला राहायला दुसरे घरच नाही, तिचा नकार उंबऱ्याच्या आतच अडकून राहतो.