गाणं कोणाचं?

परवा आमच्या बचत गटाच्या हळदीकुंकवाला मुली ‘चिकनी चमेली’वर नाचल्या. झकास नाचल्या हो! मी म्हटलं, “अगं, ही तर आपली ‘कोंबडी पळाली’! २००६च्या ‘जत्रा’तली.” अजय-अतुल यांनी आपलीच चाल २०१२ साली ‘अग्निपथ’मध्ये वापरली. मुली बघतच राहिल्या.

चाल हिंदीत गेली याचं वाईट नाही वाटत, उलट अभिमानच. पण मराठी गाणं कुणी लिहिलं, हे एकीलाही ठाऊक नव्हतं. लिहिलं अभिनेते जितेंद्र जोशी यांनी, गायलं वैशाली सामंत आणि आनंद शिंदे यांनी. पूर्वी कॅसेटच्या डबीतल्या कागदावर बारीक अक्षरात नावं असायची. दुपारी भांडी आवरली की मी ती वाचत बसे. आता मोबाइलवर गाण्याचा तुकडा येतो नि जातो.

२०१२ सालीच कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वापरलं गेलं, तर रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कुणाला लिहून घेता येत नाही. पैशाचं कायद्यानं बघितलं, नाव तरी आपण घ्यावं की नाही? जन्मभर ‘अमक्याची आई’ म्हणवून घेणाऱ्या आपल्याला हे कळायला हवं.

पुढच्या वेळी नाचाआधी गीतकार-गायकांची नावं सांगायची, असं मी सुचवलंय. मुली म्हणाल्या, “काकू, बोअर नका ना करू!” बघू.