काका, चाळणी आहेच!

परवा जेवताना तळोजा तुरुंगाचा विषय निघाला. खारघरच्या आमच्या घरापासून तो काही फार लांब नाही. आमचे काका पटकन म्हणाले, "कैद्यांना काय, रिकामा वेळ! उठसूट अर्ज खरडतात. कोर्टाने चाळणी लावायलाच हवी." काका हा ब्लॉग वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

काका, चाळणी आहेच. एक नाही, अनेक. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानुसार सरकारविरुद्धचा कैद्याचा दावा कोर्ट सुरुवातीलाच तपासतं आणि फालतू वाटला तर फेटाळतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या पत्रांची आधी छाननी होते, पण १९८८ च्या नियमांत तुरुंगातल्या छळाच्या तक्रारी आवर्जून घ्यायच्या यादीत आहेत. फी न भरता दिवाणी दावा लावायचा असेल तर संहितेचा आदेश ३३ म्हणतो, अर्जदाराने स्वतः कोर्टात येऊन अर्ज द्यावा, नाहीतर हजेरीतून सूट मिळवावी. आता बराकीतला माणूस कसा येणार, सांगा!

तरीही माझं भांडण कोर्टाच्या चाळणीशी नाही. तिथे निदान न्यायाधीशाची सही असते, कारण लिहिलेलं असतं. खरी चाळणी त्याच्या आधी आहे. तुरुंगाचं फाटक! ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच कचेरीतून कागद बाहेर पडायचा. तिथे अडकला तर ना नोंद, ना कारण, ना अपील. मोफत वकील मिळण्याचा हक्क कोठडीतल्या प्रत्येकाला आहे हे मान्य, पण तो मागायचा कागदही बहुधा त्याच फाटकातून जाणार ना?

आणि वकील असून काय होतं तेही आपण पाहिलंय. कंपवाताने हात थरथरणाऱ्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींनी नोव्हेंबर २०२० मध्ये याच तळोज्यातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. तपासयंत्रणेने उत्तरासाठी २० दिवस मागून घेतले. पाणी पिण्याच्या नळीसाठी! ५ जुलै २०२१ ला ते गेले, खटला सुरू होण्याआधीच. ज्याला वकीलच नाही त्याचं काय होत असेल?

उपाय नवा नाही. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशांना साधं पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका मानलं आणि १९७९ च्या निकालात सांगितलं, तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उघडा. म्हणजे किल्ली तुरुंगाबाहेर. माझी मागणी त्याच्यापुढे एकच पाऊल आहे: प्रत्येक कागदाला नंबर, तारीख आणि कैद्याच्या हातात पोच. मग खुशाल चाळा.

आपण साधं रजिस्टर पत्र टाकायचो तेव्हाही पावती जपून ठेवायचो. मग त्यांनीच का नको?

असो. काका, रविवारी या. उरलेलं भांडण पोह्यांबरोबर.