घरबसल्या नव्हे!

जुलै २०२४ मध्ये एम.ए.च्या प्रवेशासाठी विद्यापीठात गेले, तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने मला अगदी आदराने पालकांच्या रांगेत नेऊन उभं केलं. रांग पुढे सरकेपर्यंत माझ्याही ते लक्षात आलं नाही. खिडकीपाशी पोचले, तर आतला कारकून विचारतो, "मुलगी कुठाय?" म्हटलं, "मुलगी पुण्याला नोकरी करते. प्रवेश मला हवाय." त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. जन्मसाल १९७६. मग पेनाने एका रकान्यावर टकटक केलं. "पालकाची सही राहिलीय."

मी म्हटलं, माझे वडील वारले. "मग मिस्टरांची आणा." मिस्टर साखर कारखान्यात ड्यूटीवर, आणि गाव पावणेदोन तासांवर. कारकून माणूस भला होता. त्याने आपणहून तोड काढली. "हा मुलगा तुमचाच ना? सज्ञान आहे ना? मग त्याची चालेल."

ज्याच्या प्रगतिपुस्तकावर मी दहा वर्षं सह्या केल्या, त्याने माझा पालक म्हणून सही केली! आम्ही मायलेक खूप हसलो, कॅन्टीनमध्ये चहा प्यालो. एसटीत बसल्यावर मात्र मला हसू येईना.

मैत्रिणींनो, मी काही फार वेगळं करत नाहीये. १९९७ साली एस.वाय.ला असताना माझं लग्न झालं. बोलणी करताना 'पुढे शिकू देऊ' असं ठरलं होतं. त्यातला 'देऊ' हा शब्द तेव्हा मला खटकला नाही, उलट केवढं मोठं मन, असं वाटलं होतं. पुढे दोन मुलं, सासऱ्यांचं दुखणं, मग गटाचं काम. वीस वर्षं मी तालुक्यात मारहाणीच्या, टाकलेल्या बायकांच्या केसेस घेऊन पोलीस ठाण्यात आणि कोर्टात फिरते आहे. मध्यंतरी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं केलं. १९८९ साली नाशिकला हे विद्यापीठ निघालं नसतं, तर माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या नावापुढे पदवी लागलीच नसती. त्याचं ऋण आहेच.

म्हणूनच एम.ए.ला रोज वर्गात जायचं म्हटल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "आता एवढं कशाला? घरबसल्या कर की!"

घरबसल्या! हा शब्द कुणी काढला असेल? नक्कीच ज्याला घरी बसायला मिळतं त्याने. बी.ए.चा अभ्यास मी घरबसल्या केला म्हणजे कसा केला, तर ओट्यापाशी पुस्तक टेकवून, भाजी करपवून, रात्री अकरानंतर डुलक्या देत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं आढळलं की, घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात. जो पुरुष घरकाम करतो त्याची ९७. आणि मुळात ते करणारे पुरुष शंभरात सव्वीस, बाया एक्याऐंशी. यात पोराबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं बघणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. तेव्हा मला घरबसल्या नको होतं. मला बाकावर बसायचं होतं. समोर कुणीतरी शिकवतंय, आणि तास संपेपर्यंत मला कुणी हाक मारणार नाही, एवढंच हवं होतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून हे परवडलं. नाहीतर हिशेबच जमला नसता.

पहाटे चारला उठायचं, सगळ्यांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं, आणि सात दहाची गाडी. वर्गात बावीस-तेवीस वर्षांची मुलंमुली. आधी 'काकू' म्हणायची, दिवाळीपर्यंत 'ताई' झाले. नोट्स मोबाईलवर फिरतात, त्या मोठ्या अक्षरांत कशा करायच्या ते त्यांनीच शिकवलं. माझ्या हाताला तीन तास लिहायची सवय राहिली नव्हती. पहिल्या चाचणीनंतर बोटं वळेनात.

पण वर्गात माझ्याकडेही काही होतं. सप्टेंबरमध्ये कुटुंबसंस्थेवरच्या तासाला हिंसेचा विषय निघाला. सर ४९८-अ सांगत होते. मी म्हटलं, "सर, १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आता नव्या केसला कलम ८५ लागतं. गेल्याच आठवड्यात मी ठाण्यात बसून तसा गुन्हा नोंदवून घेतलाय." वर्गात एकदम शांतता. मग मुलींनी इतके प्रश्न विचारले की तास संपला तरी कुणी उठेना. नंतर मी याच विषयावर निबंध लिहिला. त्यात बाई माहेरी का परतू शकत नाही, यावर दोन पानं लिहिली. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच शब्द होता, 'संदर्भ?' सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. विद्यापीठात संदर्भ द्यावाच लागतो. पण मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. माझा संदर्भ म्हणजे तीन लेकरं घेऊन रात्री दारात उभी राहिलेली बाई. तिचं नाव तर मला लिहिता येत नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान म्हणून मांडायची रीत आपल्या हाती नाही, म्हणून ते दुसरेच कुणी येऊन मांडतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथे का गेले, याचं नेमकं उत्तर मलाही तेव्हाच सापडलं.

त्या वर्षी ८ मार्चला तालुक्याच्या गावी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. 'वयाच्या ४९व्या वर्षी शिकणाऱ्या जिद्दीला सलाम' वगैरे. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण या 'जिद्द' शब्दाचा मला आता राग येतो. बाईत जिद्द आहे म्हटलं की बाकी कुणाला काही करायला नको. वेळापत्रक तेच, हजेरीचे नियम तेच, घरातली कामं तीच. त्या सगळ्याला पुरून उरणारी ती जिद्दी, आणि जी अर्ध्यावर सोडते ती कच्ची!

तर माझी जिद्द महिन्याभरातच संपली. एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राची परीक्षा चालू होती. सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. शेवटच्या पेपरच्या दिवशीच ऑपरेशन ठरलं. घरात नवरा होता, मुलगा होता, शेजारच्या गावात दीरही होता. दवाखान्यात कोण थांबणार, हा प्रश्न निघालाच नाही. प्रश्न निघण्याआधीच मी पिशवी भरायला घेतली होती. नवरा म्हणाला, "पेपर काय, पुढच्या खेपेला देता येईल. आईचं ऑपरेशन पुढच्या खेपेला करता येईल का?" बोलणं बिनतोड होतं. तो वाईट माणूस नाही, त्या रात्री तोही झोपला नाही. पण एक दिवस त्याने रजा काढावी आणि मी तीन तास पेपर द्यावा, हे त्याला सुचलं नाही. आणि मैत्रिणींनो, मीही ते म्हटलं नाही. शेकडो बायकांना मी शिबिरांतून 'बोला, मागा' म्हणून सांगितलंय. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते आणि दहा ते एक हे तीन तास घड्याळात बघत होते.

पुढचे दोन-अडीच महिने सासूबाई अंथरुणात. त्यांचं सगळं मीच केलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. 'तुझं कालेज बुडालं गं माझ्यापायी,' हे घरात फक्त त्याच एकदा म्हणाल्या. तिसऱ्या सत्राची हजेरी मात्र सुरुवातीलाच कमी पडली. अर्ज घेऊन ऑफिसात गेले. उत्तर मिळालं, वैद्यकीय कारण तुमचं स्वतःचं पाहिजे, दाखला तुमच्या नावाचा पाहिजे. एका मॅडमनी हळूच सुचवलं, "डॉक्टरकडून तुमच्याच नावाचा आणा की." म्हणजे मी आजारी आहे असं खोटं लिहिलं तर चालेल, मी आजारी माणसाचं करत होते हे खरं लिहिलं तर चालणार नाही.

बाईला शिकता शिकता दुसऱ्याचं करावं लागतं, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेला अजिबातच कळलेलं नाही असं नाही. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला एकदा २४० दिवसांची बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केली. डिसेंबर २०२१ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही बाळंतपणासाठी रजा आणि हजेरीत सवलत द्या, असं विद्यापीठांना कळवलं. हे चांगलंच झालं. पण त्यातली बाई तरुण आहे, तिचं काम बाळंत होणं आहे. चाळिशी-पन्नाशीतली बाई, जिचं बाळंतपण संपलंय आणि म्हातारपणं सुरू झालीत – स्वतःचं नव्हे, इतरांचं – ती त्यात कुठेच नाही. संशोधनासाठीच्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपला वयाची अट तीस, बाईला पाच वर्षांची सवलत. पस्तिशीनंतर ते दार बंद. मोजणीतही तेच. उच्च शिक्षणातल्या प्रवेशाचं प्रमाण काढतात ते १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येवर. २०२१-२२ मध्ये मुलींचं प्रमाण २८.५ आणि मुलांचं २८.३ आलं, म्हणून मुली पुढे गेल्याचं आपण ऐकतो. आनंदच आहे. पण विसाव्या वर्षी जिचं शिक्षण तुटलं आणि आता पंचेचाळिशीत जिला ते हवंय, तिचं शिक्षण राहिलंय हे कुठल्या हिशेबात धरायचं? तिची मागणी कुणी मोजत नाही, कारण ती मागणीच समजली जात नाही. तो तिचा छंद असतो.

आता जरा आपल्या घरचं बोलते. कुणाला लागलं तर माफी मागणार नाही, कारण मलाही लागलंय. गटातल्या एका जुन्या सोबतीणीने मला विचारलं, "या वयात एम.ए. करून कुठे जायचंय? इकडे कामाला माणूस नाही." तिचं खरं आहे, माणूस नाहीच. पण आपण साक्षरता वर्ग घेतले, कायद्याची शिबिरं घेतली, मुलींच्या शाळागळतीवर मोर्चे काढले. मोठ्या बाईने पदवीसाठी बसणं मात्र आपण तिची खाजगी, जराशी मध्यमवर्गीय हौस मानत आलो. आणि प्रकल्प आला की समन्वयक म्हणून एम.एस.डब्ल्यू. झालेली पंचवीस वर्षांची मुलगी पगारावर येते. ती चांगली असते, मन लावून काम करते. तिला गाव दाखवते, बायकांशी ओळख करून देते, ठाण्यात कुणाशी कसं बोलायचं ते शिकवते, ती वीस वर्षं राबलेली कार्यकर्ती मानधनावर. अहवालावर सही कुणाची? अंगणवाडीतल्या ताईचीही तीच गत. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते. पदवी ही हौस नाही हे पगारपत्रक बघितलं की समजतं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला पार्वतीबाई आठवल्यांचं 'माझी कहाणी' (१९२८) मिळालं. पदरी मुलगा असलेली विधवा बाई पुण्याला येऊन शिकते, कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून पैसे जमवते, आणि १९१८ साली इंग्रजी शिकायचं म्हणून अमेरिका गाठते. तिथे लोकांच्या घरची कामं करते आणि शिकते. जन्म १८७० चा. म्हणजे तेव्हा वय ४८! मी प्रवेश घेतला तेव्हा माझंही तेवढंच होतं. पण मला जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्या गोष्टीने. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन (१८८९) असो, कर्व्यांचा आश्रम असो की रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन (१९०९), तिथे मोठी बाई – विधवा, लग्न झालेली, लेकुरवाळी – ही पाहुणी नव्हती. तिला डोळ्यांपुढे ठेवूनच ती दारं उघडली होती. पुढे मुलींना वेळेवर शाळा मिळू लागली, 'विद्यार्थिनी' म्हणजे कुमारी मुलगी हे ठरून गेलं, आणि मोठी बाई पालकांच्या रांगेत गेली.

तिला त्या रांगेतून बाहेर काढायचं तर शाली पुरणार नाहीत. आपल्या मागण्यांच्या यादीत हे यायला हवं. घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा हे हजेरी माफ होण्याचं कारण म्हणून लिहून घ्या. त्यापायी पेपर चुकला तर महिन्याभरात पुन्हा घ्या, सहा-सहा महिने थांबवू नका. दुपारी बारा ते चार आणि रविवारी चालणारे वर्ग तालुक्याच्या कॉलेजात काढा, म्हणजे पहाटे चारला उठण्याचं कौतुक करायची पाळी येणार नाही. आणि सज्ञान माणसाच्या फॉर्मवरचा तो पालकाचा रकाना काढून टाका. गटांनाही काही करता येईल. आपण एकमेकींच्या केससाठी तारखेला कोर्टात जाऊन बसतो. तशाच परीक्षेच्या दिवशी एकमेकींच्या घरी जाऊन का बसू नये? यावर आपल्यात मतभेद होतील, मला ठाऊक आहे. बायकांनीच बायकांचं काम वाटून घ्यायचं आणि पुरुष तसाच मोकळा, असं कुणी म्हणेल. म्हणणं चुकीचं नाही. त्यावर या अंकातून चर्चा व्हावी.

माझा राहिलेला पेपर येत्या मंगळवारी आहे. नेमकी त्याच दिवशी गटाची मासिक बैठक. मी येणार नाही असं कळवलंय. सासूबाई आता वॉकर घेऊन चार पावलं टाकतात, पण त्यांना एकटं ठेवता येत नाही. परवा रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "मंगळवारी आईंजवळ कोण थांबणार?" त्याने ताटातून वर पाहिलं. मुलानेही पाहिलं. "बघू," नवरा म्हणाला. काल सकाळी मी पुन्हा विचारलं.