काळा-पांढरा फोटो हिरवट येतो? आधी नवा प्रिंटर घेऊ नका!

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा, कुठंही फोटो स्टुडिओ किंवा झेरॉक्स सेंटर टाकायचं ठरवलं, की एक काम हमखास येणार. आजोबांचा जुना फोटो मोठा करून द्या, फ्रेम करायचाय. तेरवी असते, पितृपक्ष असतो. घरात तेवढा एकच फोटो असतो. आणि प्रिंट निघते ती हिरवट, नाहीतर जांभळट.

मग दुकानदार म्हणतो, "प्रिंटरच तसा आहे, भाऊ." माझं स्पष्ट मत आहे, हे उत्तर धंद्याला मारक आहे. काही जण म्हणतील, गिऱ्हाईकाला एवढं कुठं कळतं? दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही कळत. पण घरी पांढऱ्या भिंतीवर, दारातल्या उजेडात लगेच कळतं. ते भांडायला येत नाही. पुढच्या वेळी दुसरीकडे जातं, एवढंच.

कारण समजून घ्या. साध्या इंकजेटमध्ये राखाडी रंगाची वेगळी शाई नसते. फोटो पेपरवर राखाडी छटा मुख्यतः निळसर, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून तयार होते. तिघींपैकी एक जरी कमी-जास्त झाली, की झाक आलीच. रंगीत फोटोत ती लपते, काळ्या-पांढऱ्यात लपायला जागाच नसते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे करा :

1. नोझल चेक काढा. एखादी रेघ तुटली असेल तर आधी हेड क्लीन करा. यात कागद साधाच लागतो.

2. जुना फोटो रंगीत स्कॅन करा. पिवळे डाग बहुतेक वेळा लाल चॅनलमध्ये सर्वांत कमी दिसतात. तिथून साफ करून मग ग्रेस्केल करा.

3. प्रिंटर सेटिंगमध्ये पेपर टाइप तोच निवडा, जो ट्रेमध्ये आहे. ग्लॉसी घातला आणि सेटिंग प्लेनचं, असं चालत नाही.

4. रंगाचा कारभार एकाकडेच द्या. फोटोशॉप सांभाळणार असेल तर प्रिंटरची कलर करेक्शन बंद करा. दोघांनी हात घातला की बिघडतं.

5. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल किंवा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असा पर्याय असेल तर तोही वापरून पाहा.

6. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांची छोटी पट्टी छापा. वाळू द्या. मग ट्यूबखाली पाहा आणि खिडकीशी पाहा. दोन्हीकडे राखाडी दिसली तरच मोठी प्रिंट काढा.

शाई आणि कागद वारंवार बदलू नका. स्वस्त मिळाली म्हणून दर महिन्याला वेगळ्या कंपनीची शाई भरली, तर जुळवलेलं सगळं पाण्यात. आणि प्रिंट निघाली की लगेच काचेत घालू नका, एक दिवस वाळू द्या.

एवढं करूनही थोडी झाक राहिली तर? तेव्हा गिऱ्हाईकाला दोन छोटे नमुने दाखवा, एक राखाडी आणि एक हलका तपकिरी, जुन्या फोटोसारखा. तपकिरीत बारीक फरक डोळ्यात भरत नाही. पण निवड त्यांची. न विचारता तपकिरी करून देणं म्हणजे दोष झाकणं.

काम वाढलं, महिन्याला अशा फ्रेम नियमित जायला लागल्या, तेव्हा राखाडी शाईचा प्रिंटर घ्या. एप्सन एल8180 मध्ये राखाडी शाईची वेगळी टाकी आहे. पण आधी कामाची वही पाहा, मग कॅटलॉग.

नमुना पट्टीचे दहा-वीस रुपये तुमच्या दरात धरा आणि तसं सांगा. आईचा एकुलता एक फोटो तुमच्या हातात देणारा माणूस तेवढ्यासाठी घासाघीस करत नाही. त्याला फक्त चेहरा जसा होता तसा हवा असतो.

चला तर, आजच पट्टी छापा आणि खिडकीशी धरून पाहा.