उसन्या प्लॅटिनमवरचा हायड्रोजन

पुणे-मुंबई मार्गावर हायड्रोजनची वाहने धावणार, याचे पेढे वाटून झाले असतील तर एक साधा प्रश्न: त्यांच्या पोटातला उत्प्रेरक कोणाचा? देशभरात पाच प्रकल्प, ३७ वाहने, नऊ इंधन भरणा केंद्रे, सरकारी मदत सुमारे २०८ कोटी. ज्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमधून हा पैसा येतो, त्याच्या १९,७४४ कोटींत संशोधनाचा वाटा अवघा ४०० कोटी. शंभरातले दोन रुपये! बरे, या ३७ पैकी २२ वाहनांत इंधनघटच (फ्युएल सेल) नाही. हायड्रोजन चक्क इंजिनात जाळायचा आहे. याला धोरण म्हणायचे की खरेदी?

इंधनघट महाग होतो तो ऑक्सिजनमुळे. हायड्रोजन चटकन फुटतो, ऑक्सिजन अडून बसतो. त्याला हलवायला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम लागते आणि ते बहुतांश दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येते. त्यात कोबाल्ट किंवा निकेल मिसळले की कमी प्लॅटिनममध्ये जास्त काम होते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्लॅटिनम-निकेलची ताकद २००७ मध्येच दाखवली. टोयोटाने २०१४ च्या मिराई मोटारीत प्लॅटिनम-कोबाल्ट वापरलेसुद्धा. खरी अडचण टिकाऊपणाची. घटातल्या आम्लात निकेल विरघळते आणि पडदा खराब करते. म्हणून असा मिश्रधातू हजारो तास चालवून पाहावा लागतो. हे काम कंटाळवाणे आणि खर्चिक. त्याची फीत कापायला कोणी मंत्री येत नाही. बसची कापायला येतात. केपीआयटी आणि सीएसआयआरच्या बसचे अनावरण पुण्यातच, ऑगस्ट २०२२ मध्ये थाटात झाले होते.

वाहने फिरल्याशिवाय अनुभव कसा येणार, असे सांगितले जाईल. येईल की, वाहने फिरवण्याचा. उत्प्रेरक बनवण्याचा नव्हे.

पुण्यातल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उत्प्रेरकांचे जाणकार आहेत. अशा चाचण्या घ्यायला तिथून भोर-वेल्हे काही परदेशात नाही. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायला मंत्रिमंडळाला मार्च २०२४ मध्ये वेळ मिळाला. भोरची उत्रौली एमआयडीसी मात्र निवडणुकीपुरती आठवते. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांसाठी इथल्या लोकांनी जमिनी दिल्या. पाणी खाली गेले आणि त्यामागोमाग पोरेही, शिरवळच्या कंपन्यांत. मिश्रधातूंच्या चाचणीला शेकडो एकर लागत नाहीत. यंत्रे, अखंड वीज आणि ती यंत्रे रात्रंदिवस सांभाळणारी आयटीआय झालेली मुले लागतात. ती इथे आहेत.

तेव्हा संशोधनाचे ४०० कोटी आधी दुप्पट करा. मिश्रधातूंच्या दीर्घ चाचण्यांसाठी त्यातली रक्कम वेगळी काढा आणि चाचणी केंद्र उत्रौलीला द्या. तोवर पुढच्या बसला हिरवा झेंडा दाखवू नका.