दुसरे विमान घेताना घाई नको

रिमोटवर उडणारे पहिले विमान बहुतेक हौशी मंडळी मोडतात, चिकटवतात आणि पुन्हा उडवतात. खरा पेच त्यानंतर येतो. गिरगाव-लालबागच्या चाळीतला मुलगा एव्हाना विमान बऱ्यापैकी उतरवू लागलेला असतो. मग त्याचा डोळा लढाऊ विमानाच्या देखण्या प्रतिकृतीवर जातो. घरचेही म्हणतात, 'घ्यायचे तर एकदाच चांगले घेऊ.' नेमके इथेच थांबायला हवे.

शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांशी किंचित उचललेले असतात. हात चुकला तरी ते बरेचसे आपोआप सावरते. लढाऊ प्रतिकृती कलली की कललेलीच राहते. तिचे वजन जास्त आणि पंख लहान. वेग जरा कमी केला की ती एका अंगावर कोसळते.

प्रश्न मेंदूचाही आहे. विमान आपल्या दिशेने येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. ही अदलाबदल विचार करून करायला अर्धा सेकंद लागला, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात १० मीटर पुढे गेलेले असते. सरावाने हेच काम आपसूक होते. पण तो सराव थोडा थोडा, अनेक दिवस आणि चुकायला वाव ठेवून व्हावा लागतो. संगणकावरचे सिम्युलेटर त्यासाठी सर्वांत स्वस्त.

धडकेचे गणितही साधे आहे. अर्ध्या किलोचे विमान ताशी ३६ किलोमीटर वेगाने आणि एक किलोचे ७२ किलोमीटरने जात असेल, तर दुसऱ्याच्या धडकेतली ऊर्जा आठपट असते. समोर एखाद्याचा डोळा असू शकतो.

म्हणून दुसरे विमान एकच पायरी वरचे असावे: फोमचे, हलके, पंखांवर एलेरॉन असलेले, हळूही उडणारे आणि सुटे भाग सहज मिळणारे. जुना रिमोट आणि बॅटऱ्या त्याला चालल्या तर उत्तमच.

लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली किंवा आपटून दबली, तर ती पुन्हा वापरू नये. लाकडी जिन्याच्या चाळीत ती रात्रभर चार्जिंगला लावणे म्हणजे शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात घालणे. चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर आणि अंथरुणापासून दूर व्हावे. बॅटरी जोडल्यावर पंख्यासमोर बोटे नेऊ नयेत. कापलेच तर जखमेवर हळद नको. स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा आणि रुग्णालय गाठावे. बोटाचा तुकडा तुटला असेल, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात नको.

राहिली जागा. दादरचे शिवाजी पार्क किंवा परळचे एखादे मैदान मोकळे दिसले, तरी तिथे क्रिकेट, फेरफटका आणि लहान मुले असतात. शिवाय मुंबई पोलीस ड्रोन आणि रिमोटवरच्या हलक्या विमानांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. परवानगी असलेले शहराबाहेरचे मैदान आणि जाणता सोबती मिळेपर्यंत खरेदी थांबवली, तर काही बिघडत नाही.

छंद जरूर वाढावा. मोबाइलवरून नजर उचलून आभाळाकडे लावणारे छंद आता फारसे उरलेले नाहीत. फक्त विमान हाताच्या तयारीप्रमाणे निवडावे, दुकानाच्या काचेतल्या रुबाबाप्रमाणे नव्हे.